उतारावर आम्ही तिघं

मला जो आजार झाला, त्याचं नाव तो होईपर्यंत मी ऐकलंही नव्हतं. जीबीएस म्हणतात त्याला. रोगाशी लढणारी शरीरातली शक्ती वाट चुकते, आपल्याच नसांवर उठते आणि हातपाय लुळे पडतात. याहून जास्त मी इथे सांगणार नाही, ते सांगायला डॉक्टर आहेत. मला सांगायचं आहे ते मुख्यतः दवाखान्यातून घरी आल्यानंतरचं, कारण त्याबद्दल मला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. ‘आता बरी झालीस की!’ असं सगळे म्हणत होते आणि मी दार लोटून रडत होते. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर हे त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या उशाशी जो बसला असेल, त्याच्यासाठी जरा जास्तच.

मी मंजिरी. श्रीरामपूरला एका शाळेत विज्ञान शिकवते. माझे यजमान रवींद्र साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहेत. मुलगी सई पुण्यात शिकते. आजारापूर्वी आमच्या घरात सांगण्यासारखं काही घडत नसे, आणि ते किती मोठं सुख होतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

चप्पल

आधी नुसतं पोट बिघडलं होतं. ते बरं झालं, मी शाळेत जायला लागले, आणि पायांना मुंग्या यायला लागल्या. पेपर तपासायचे होते, सहामाही जवळ आली होती, म्हणून लक्ष दिलं नाही. मधल्या सुट्टीनंतर जिना चढत होते. मागून येणाऱ्या आमच्या देशपांडे बाई म्हणाल्या, “अगं मंजिरी, तुझी चप्पल खालीच राहिली की!”

मी पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. चप्पल कधी निघाली ते मला कळलं नव्हतं. पायाखालची फरशी गार आहे की गरम, तेही कळत नव्हतं.

संध्याकाळी खुर्चीतून उठता येईना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. पाय हलला नाही. दुसरा पाहिला, तोही नाही. एरवी गप्पिष्ट असलेला तो माणूस एकदम कमी बोलायला लागला. “रवींद्र, घरी जाऊ नका. इथूनच नगरला न्या.”

गाडीत मी यांना सांगत होते, दुधाला विरजण लावायचं राहिलंय, सईला इतक्यात काही कळवू नका, शेजारी किल्ली द्या. हे प्रत्येक गोष्टीला “हो” म्हणत होते. राहुरी मागे पडली तेव्हा डोळ्यांवर आलेली बट बाजूला करायला मी हात उचलला, आणि तो मांडीवरून उठलाच नाही. यांनी गाडी चालवता चालवताच ती बट मागे सारली. म्हणजे यांनी पाहिलं होतं.

क-वर्ग, च-वर्ग

दोन-तीन दिवसांत श्वासासाठी नळी घालावी लागली आणि बोलणंही गेलं. हात, पाय, मान यांपैकी काहीच माझं राहिलं नाही. डोळे तेवढे उरले, आणि कान. कानांचं मात्र कोणाच्या लक्षात राहत नसे. माणसं माझ्या पलंगाशी उभी राहून माझ्याबद्दल अशी बोलत, जशी मी बाहेरगावी गेले आहे. एका नातेवाइकांनी यांना विचारलं, “डॉक्टर काय म्हणतात, काही आशा?” मी ऐकत होते. मलाही उत्तर हवंच होतं.

सकाळी अंग पुसायला येणाऱ्या रंजनामावशी मात्र माझ्याशीच बोलायच्या. “बाई, आज वांगी केली हुती. मालकानं तोंड वाकडं केलं. म्हटलं, उद्या तुमीच करा.” केस विंचरताना म्हणायच्या, “लई गुंता झालाय. दुखलं तर बोलता यायचं न्हाई तुमाला, म्हनून आदीच माफी मागते.” दुखायचं. इतक्या दिवसांत कुठेतरी काहीतरी दुखतंय, याचं मला इतकं बरं वाटायचं!

हे रोज यायचे. आत सोडायचे थोडाच वेळ. यांनी एक युक्ती काढली. मी डोळे वर केले की हो. मग हे अक्षरं म्हणत जायचे, क, ख, ग, घ… पण ‘प’ येईपर्यंत माझे डोळे थकून मिटायचे. दुसऱ्या दिवशी हे तयारी करून आले.

“क-वर्ग? च-वर्ग? ट-वर्ग? त-वर्ग? प-वर्ग?”

मी वर पाहिलं.

“प?” वर. “काना?” वर. “पा. पुढचं? क-वर्ग? च? ट?” वर. “ट, ठ?” वर.

“पाठ,” हे म्हणाले. यांचा आवाज चिरकला. बायको इतक्या दिवसांनी पहिला शब्द बोलली होती. सईबद्दल काही म्हणेल, असं यांना वाटलं असणार, किंवा स्वतःबद्दल. “पाठ काय, मंजू? दुखतेय?” मी डोळे खाली ठेवले. “मग? खाजतेय?”

मी इतकं वर पाहिलं की बुबुळं कपाळात जातील.

यांनी माझ्या पाठीखाली हात घातला आणि बरोबर जागा सापडेपर्यंत खाजवत राहिले. नर्स रागावली, तरी हात काढला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणाएवढं प्रेम मला यांच्याबद्दल कधी वाटलं नव्हतं.

बाथरूमची कडी

मग जे गेलं होतं ते उलट्या क्रमाने परत आलं. आधी आवाज, मग खांदे, हात, कंबर, आणि सगळ्यात शेवटी पाय. घरी आले तेव्हा वॉकर होता, पावसाळ्यात काठी आली. डावा तळवा तेवढा अजून बधिर होता. भेटायला येणारे पेढे आणायचे. मी हसायचे आणि ते गेल्यावर पुन्हा पलंगावर.

मला भीती वाटत होती. रोज सकाळी डोळे उघडण्याआधी मी पायांची बोटं हलवून बघायचे. हलली तर तो दिवस सुरू. शाळेने माझी जागा ठेवली होती, पण घंटा झाल्यावर व्हरांड्यात धावणारी पोरं आठवली की मी पुन्हा पांघरूण ओढून घ्यायचे. पडले तर? जमिनीवरून उठायला मला फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलं होतं, पण ते गादीवर, कमरेचा पट्टा यांच्या हातात असताना.

आणि हे! मी उठले की हे उठायचे. मी पाणी प्यायला गेले की मागे पावलं वाजायची. एके दिवशी मी आंघोळीला गेले तर दाराला कडीच नव्हती. नुसती भोकं.

“कडी कुठेय?”

“काढली.”

“मला विचारायचं तरी!”

“आत पडलीस तर दार तोडायला लागू नये म्हणून.”

“अहो, तुम्ही मला माणूस समजता की काचेचं भांडं?”

“मंजू, तुला कळत नाही. तू पडलीस तर…” यापुढचं वाक्य हे कधीच पूर्ण करत नसत.

त्या दिवशी आम्ही दोघंही नको ते बोललो. नंतर बोलायचंच कमी केलं. “गोळी घेतली?” “घेतली.” एवढा संसार उरला. ज्या माणसाने माझ्यासाठी मुळाक्षरांचे वर्ग पाडले, त्याच्या पावलांचा आवाज आला की मला चीड यायला लागली. सईचा फोन आला की आम्ही दोघंही आळीपाळीने “सगळं मस्त चाललंय” म्हणायचो.

एस्तेर सिस्टर

आमच्या गल्लीच्या टोकाला एस्तेर सिस्टर राहतात. जन्मभर नर्स होत्या, आता निवृत्त. गल्लीतल्या सगळ्यांनी त्यांच्याकडून इंजेक्शन घेतलेलं आहे. त्यांचे यजमान अर्धांगवायूने कित्येक वर्षं अंथरुणावर होते. ते गेल्यानंतर सिस्टर पावसाळा संपला की मोठ्या आजारातून उठलेल्या माणसांना चार दिवस डोंगरात घेऊन जायला लागल्या. अकोले तालुक्यात, धरणाच्या पाण्याकाठी, त्यांच्या दिरांची शेती आहे. तिथे दोन मोठ्या खोल्या आणि एक पडवी.

“तिथे काय करायचं?” मी विचारलं.

“सकाळी पाण्याकाठी गप्प बसायचं. मग चालायचं. जेवायचं. संध्याकाळी गोल करून बोलायचं. इतकंच.”

“हे यायचे नाहीत बरोबर?”

“त्याला तर मुळीच आणायचं नाही,” सिस्टर म्हणाल्या, आणि मी लगेच हो म्हणाले.

हे मला सोडायला आले. निघताना सिस्टरांना बाजूला घेऊन सूचना देत होते. मला सगळं ऐकू येत होतं. “आणि सिस्टर, हिला उतारावर नेऊ नका.”

सिस्टरांनी भोवताली पाहिलं. समोर डोंगर, मागे डोंगर, मधून भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरलेली. “रवींद्र, इथे सगळा उतारच आहे रे,” त्या म्हणाल्या.

गोल

आम्ही दहा-बाराजण होतो. सिस्टरांचा नियम असा, की आजाराचं नाव पहिल्या संध्याकाळी एकदाच सांगायचं. नंतर चार दिवस त्या नावाने कोणी कोणाला ओळखायचं नाही.

“म्हंजी मंग बोलायचं काय?” एक भारदस्त गृहस्थ म्हणाले, आणि सगळे हसले. ते मिरजगावचे भाऊसाहेब. शेती, ट्रॅक्टर, पांढऱ्या मिशा. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची बायपास झाली होती. “घरात मला पाव्हना करून ठिवलाय,” ते म्हणाले. “बादली उचलाय गेलो की मालकीन वरडती. परवा नातवाला घ्याया गेलो, तर सूनबाईनं पोरगं उचलून न्हेलं. आता मी नुसतं बसायचं आन् मिशा पिळायच्या.”

माझ्या शेजारी कांताबाई होत्या. पारनेर तालुक्यातल्या, राळेगणसिद्धीच्या अलीकडे त्यांचं गाव. घरी गाई, दूध डेअरीला. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, आणि त्या बाजूच्या हाताने जड काही उचलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. केस नुकते उगवत होते, पदर सारखा डोक्यावर ओढायच्या.

“औषदानं क्यास गेलं,” त्या म्हणाल्या, “तवा मानसं बघून बघत न्हवती. त्याचं काय वाटलं न्हाई. पन गोठ्यात गेले, तर माजी गाय मला वळखंना. मागं सरली. तवा लई रडू आलं.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “मंग तिनं हाताचा वास घेतला. आन् चाटलं.”

भाऊसाहेबांनी उपरण्याने नाक पुसलं.

पहिल्या सकाळी पाण्याकाठी गप्प बसायचं होतं, तर मला बसवेना. सगळं शांत झालं की माझ्या कानात श्वासाच्या यंत्राचा आवाज सुरू व्हायचा. मी काठी घेऊन परत फिरले. दुसऱ्या दिवशी सिस्टर जवळ येऊन बसल्या. पाण्यावर धुकं होतं. पलीकडच्या काठावर कोणी म्हशी हाकत होतं, त्याची हाळी पाण्यावरून येत होती. यंत्राचा आवाज गेला नाही. पण त्यात म्हशींच्या गळ्यातल्या घंटा मिसळल्या, पाणकोंबडीचं ओरडणं मिसळलं, आणि तासभर मी बसू शकले.

नंतर सगळ्यांनी अनवाणी गवतात चालायचं होतं. दव पडलं होतं. डाव्या तळव्याला काहीही कळलं नाही. उजव्याने दोघांचं काम केलं.

जेवायला नाचणीची भाकरी, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी, नव्या तांदळाचा भात. कांताबाई रोज दुपारी टेकाडावर जाऊन रेंज शोधायच्या आणि गाईंची चौकशी करायच्या. मुलाचं नाव शेवटी यायचं. मी मात्र यांना फोन केला नाही. सिस्टरच संध्याकाळी ‘ठीक आहे’ एवढं कळवायच्या.

उतारावर

तिसऱ्या दिवशी खालच्या झऱ्यापर्यंत चालत जायचं ठरलं. पायवाट खुरासणीच्या शेतांमधून उतरत जाते. दोन्ही बाजूंना पिवळी फुलं कमरेएवढी. आम्ही तिघं सगळ्यांत हळू. मी काठीमुळे, भाऊसाहेब दमामुळे, आणि कांताबाईंना गप्पा मारायच्या होत्या म्हणून. सिस्टर बाकीच्यांना घेऊन वळणाआड गेल्या. “वाट एकच आहे, सावकाश या,” असं ओरडून गेल्या.

एका ठिकाणी कातळ होता, शेवाळलेला. उजवा पाय टेकला. मग डावा. डाव्याने मला कातळ निसरडा आहे हे सांगितलं नाही. काठी एकीकडे गेली, मी दुसरीकडे. आधी बसले, मग कुशीवर घसरत वाटेच्या कडेला फुलांत जाऊन थांबले.

लागलं नव्हतं फारसं. कोपर खरचटलं होतं. पण मी आडवी होते आणि वर आभाळ होतं, आणि एकदम मी पुन्हा त्या पलंगावर गेले. हात माझे नाहीत, पाय माझे नाहीत. तोंडातून आवाज फुटेना.

“बाई! ओ बाई!” भाऊसाहेब हात पुढे करून धावले.

“ओ भाऊ, व्हा मागं!” कांताबाई कडाडल्या. “छातीचं हाड जुळलंय का अजून? बाईंना वढायला निघाले!”

“मंग काय तसंच पडू द्यायचं?”

“मी धरते.”

“तू धरतीस? त्यो हात जड उचलायचा न्हाई म्हनून परवा कोन सांगत हुतं?”

“मंग दुसऱ्या हातानं धरते.”

“आन् दोघी मिळून गडगडत झऱ्याला जावा!”

माझ्या डोक्यावर दोघंही तावातावाने भांडत होते. आणि मला हसू फुटलं. हसताना पोट हललं, खांदे हलले, आणि मी बोटं हलवून पाहिली. दहाच्या दहा हलली. मी दवाखान्यात नव्हते. मी फक्त पडले होते.

“मला उठवू नका,” मी म्हणाले. “थोडं थांबा.”

“मंग आमी बी बसतो,” कांताबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. भाऊसाहेबही कण्हत कण्हत बसले. आम्ही तिघं त्या पिवळ्या फुलांत असे बसलो, जसं काही शेतात जेवायला बसलोय. हाका मारून पाहिल्या, वळणाआड ऐकू गेल्या नाहीत. मोबाईलला रेंज नव्हती. बाकीचे याच वाटेने परत येणार होते, म्हणजे थांबलं असतं तरी चाललं असतं.

“येतील की घटकाभरात,” भाऊसाहेब म्हणाले. “इथं काय वाईट हाय?”

पण मला थांबायचं नव्हतं. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं, की आज कोणी येऊन मला उचललं, तर मी घरी जाऊन पुन्हा पलंगावर बसेन.

“मी प्रयत्न करते,” मी म्हणाले. “आधी पालथी होईन, मग हातागुडघ्यांवर. मग एक पाय पुढे.”

“आमची म्हस अशीच उठती,” कांताबाई म्हणाल्या. मग जीभ चावली. “रागावू नका हां बाई.”

“नाही रागावत. काठी द्या.”

त्यांनी चांगल्या हाताने काठी मातीत रोवून घट्ट धरली. भाऊसाहेब बसल्या जागी माझ्याकडे सरकले. “खांद्यावर जोर द्या. खांदा पहिल्यावानीच हाय. छातीला हात लावू नका, नायतर आपल्या दोघांची बी वरात निघंल.”

मी पालथी झाले, गुडघ्यांवर आले. एक हात काठीवर, दुसरा भाऊसाहेबांच्या खांद्यावर. उजवा पाय पुढे घेतला आणि जोर केला. अर्धी उठले, मांडी थरथरायला लागली आणि मी पुन्हा खाली बसले. डोळ्यांत पाणी आलं.

“पडली न्हाई,” कांताबाई म्हणाल्या. “बसली. ह्यात फरक हाय.”

दम खाल्ला. पुन्हा गुडघे, पुन्हा पाय पुढे. या वेळी भाऊसाहेब ट्रॅक्टर चढाला लावल्यासारखे ओरडत होते, “हां… हां… सोडू नका… अजून… हां!” आणि मी उभी होते. पाय लटपटत होते, साडीला चिखल, केसांत पिवळ्या पाकळ्या. पण उभी होते, आणि माझ्या कमरेला कोणाचाही हात नव्हता.

कांताबाई रडत होत्या. मी रडत होते. भाऊसाहेब खालून म्हणाले, “ते सगळं खरं. आता मला कोन उठवनार? माजं गुडघं गेलं कामातून.”

त्यांना उठवायला आम्हा दोघींना माझ्या उठण्यापेक्षा जास्त वेळ लागला. हसून हसून बळच राहिलं नव्हतं. सिस्टर परत आल्या तेव्हा आम्ही तिघंही कातळाला टेकून उभे होतो, चिखलाने माखलेले. त्यांनी माझ्या कोपराकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. “बरं,” एवढंच म्हणाल्या आणि पाण्याची बाटली पुढे केली.

न्यायला आले तेव्हा

चौथ्या दिवशी हे ठरल्या वेळेच्या कितीतरी आधीच आले. मी यांच्याकडे चालत गेले, आणि यांची नजर सरळ कोपरावरच्या पट्टीवर.

“पडले होते,” मी म्हणाले.

यांचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. “सिस्टर, तुमच्या भरवशावर सोडली होती मी हिला! काय सांगितलं होतं मी? कोण होतं हिच्याजवळ?”

“आमी हुतो,” भाऊसाहेब म्हणाले.

“मग उचललं कोणी?”

“कुनी न्हाई. त्या उठल्या.”

हे माझ्याकडे पाहत राहिले. मग पडवीच्या पायरीवर बसून दोन्ही हातांत तोंड धरलं. हे रडत होते. पलंगाशी रडले नव्हते, घरी रडले नव्हते. इथे दहा-बारा अनोळखी माणसांसमोर लहान पोरासारखे हुंदके देत होते. मी जवळ जायला निघाले, तर सिस्टरांनी मला हाताने थोपवलं. भाऊसाहेब यांच्या शेजारी जाऊन बसले.

“सर,” ते हळू आवाजात म्हणाले, “माजी मालकीन बी तुमच्यावानीच हाय. रोज माज्या नाकाम्होरं हात धरून बघती, श्वास चाललाय का. मला वाटायचं, ही मला मढं समजती. आता तुमाला बघून कळतंय, तिचं काय हुतं ते.”

सिस्टर म्हणाल्या, “थंडीत मी अजून एकदा चार दिवस इथे येते. सोबतच्या माणसांना घेऊन. ज्यांनी उचललंय त्यांना. मी आमच्या यांना इतकी वर्षं उचललं रवींद्र, आणि ते गेल्यावर मला बसताच येईना. ये तू.”

हे डोळे पुसत म्हणाले, “मला काय धाड भरलीय?”

परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर यांनी गाडी एका रसवंतीपाशी थांबवली. रस घेतला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत म्हणाले, “तू आत असलीस आणि नळाचा आवाज थांबला, की मला पुढचं काही सुचत नाही. दवाखान्यात मी बाहेरच्या बाकावर बसून ते यंत्र ऐकायचो. दोन श्वासांच्या मधे थांबतं ना, तेवढ्यात मी… तू पडलीस तर मला तेच सगळं पुन्हा करता येणार नाही, मंजू. मला नाही जमायचं.”

ते अर्धवट राहणारं वाक्य होतं ते. मला इतके दिवस वाटत होतं, त्याचा शेवट माझ्याबद्दल आहे.

“तेच यंत्र मलाही ऐकू येतं,” मी म्हणाले. “अजून.”

हे पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. आम्ही एकमेकांना हे कधी सांगितलंच नव्हतं. चरकाची घुंगरं वाजत होती, रसवंतीवाला दोनदा येऊन विचारून गेला. शेवटी आम्ही रस घेतला, आलं-लिंबू घालून. घरी पोचल्यावर यांनी पहिलं काम केलं ते कडी लावायचं.

थंडीत

हे लगेच सुधारले असं नाही. मीही नाही. दिवाळीनंतर मी शाळेत जायला लागले, आधी अर्धा वेळ. घंटा झाली की भिंतीशी उभी राहते आणि पोरं गेल्यावर निघते. पायांची बोटं अजूनही सकाळी हलवून बघते. हे अजूनही माझ्या मागे उठतात, पण आता पुन्हा बसतात.

थंडीत सिस्टर यांना घ्यायला स्वतः दाराशी आल्या. यांनी तीन कारणं सांगितली, कारखान्याचा हंगाम हे त्यांतलं सगळ्यांत मोठं. मी बॅग आधीच भरून ठेवली होती. जीप निघताना हे खिडकीतून सांगत होते, शेजारच्यांना सांगून ठेवलंय, सईला रोज फोन करायला सांगितलंय, जिन्यावर दिवा लावून ठेव. जीप वळेपर्यंत सांगतच होते.

पहिल्या दिवशी यांचा तीनदा फोन आला. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तेव्हा वाजला. पलीकडे टेकाडावरचा वारा होता आणि जेवायला वर आलेली बरीच माणसं बोलत होती. भाऊसाहेबांची मालकीणही या वेळी आली होती, तिचा खणखणीत आवाज यांच्याहून स्पष्ट ऐकू येत होता.

“काय गं, पडली-बिडली नाहीस ना?”

“नाही. पडले तर कळवेन.”

“लगेच?”

“उठल्यावर.”

हे हसले. किती महिन्यांनी! खोकला येईपर्यंत हसले. मागून कोणीतरी यांना हाक मारली, भाकरी गार होतेय म्हणून.

“मंजू, ठेवतो. वाढलंय इथे,” हे म्हणाले, आणि फोन बंद झाला.

गोळ्यांचं विचारायला विसरले होते. मी फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. घरात दुसरं कोणी नव्हतं. मला यांची फार आठवण आली, आणि ती येतेय म्हणून फार आनंद झाला.